हायवेवर गाडी मधूनच का थरथरते?

थंडी सरत आली की आपल्या न्यू जर्सीत खड्ड्यांचा मोसम सुरू होतो, आणि त्याच्या पाठोपाठ एक तक्रार हमखास ऐकू येते. "गाडी गावात अगदी मऊ चालते हो, पण टर्नपाइकवर साठ-पासष्टला गेली की मधूनच थरथरते. कधी होतं, कधी होत नाही. गॅरेजमध्ये नेली की मेकॅनिक म्हणतो, आम्हाला तर काही जाणवलं नाही."

दाढ दुखते म्हणून दवाखान्यात जावं आणि खुर्चीत बसताच ती दुखायची थांबावी, तसलाच हा प्रकार. मग एक तर आपण "जाऊ दे, चालतंय" म्हणून सोडून देतो, नाहीतर गॅरेजवाला अंदाजाने एकेक भाग बदलत जातो आणि बिल वाढत जातं. पहिल्यात जीवाला धोका, दुसऱ्यात खिशाला. या दोन्हींच्या मधला रस्ता आज बघू. गाडी उघडायची नाही, हात काळे करायचे नाहीत. फक्त नीट बघायचं, ऐकायचं आणि लिहून ठेवायचं.

पण त्याआधी एक महत्त्वाची गोष्ट.

कोणती थरथर पुढच्या रविवारपर्यंत थांबू शकते आणि कोणती थांबू शकत नाही, हे आधी ओळखा. चार खुणा लक्षात ठेवा. पहिली, थरथर अचानक सुरू झाली आणि मिनिटामिनिटाला वाढते आहे. दुसरी, नुकतीच चाकं काढून बसवली आहेत, म्हणजे टायर बदलले, रोटेशन केलं किंवा ब्रेकचं काम झालं, आणि त्यानंतर थरथर आली. तिसरी, टायरच्या बाजूला किंवा रस्त्याला टेकणाऱ्या भागावर फुगवटा दिसतो. चौथी, थरथरीबरोबर जळका वास येतो किंवा स्टीअरिंग सैल वाटतं. यातली एक जरी खूण असली तरी हायवेवर जायचं नाही. हायवेवर असाल तर करकचून ब्रेक दाबू नका. पाय हळूच गॅसवरून काढा, फ्लॅशर लावा आणि पहिल्या एक्झिटला किंवा उजव्या शोल्डरला सुरक्षित जागी थांबा. दुसऱ्या खुणेत चाकाचे नट ढिले असू शकतात, आणि ढिल्या नटांचं चाक निसटतंसुद्धा. म्हणूनच चाकं काढून बसवल्यावर पन्नास ते शंभर मैलांनी नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे असतात. बहुतेक चांगली दुकानं हे फुकट करून देतात, पण आपण तिकडे जातच नाही.

(संगीत)

आता मूळ प्रश्न. गावात न होणारी थरथर साठलाच का येते?

थोडं गणित करू, सोपं आहे. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला बरोबर एक मैल. नेहमीच्या सेडान गाडीचं चाक एका मैलात सुमारे ८०० फेरे घेतं. म्हणजे साठला चाक मिनिटाला ८०० वेळा फिरतं, सेकंदाला तेरा वेळा. आता त्या चाकाच्या कडेला एका जागी फक्त एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम वजन जास्त आहे असं समजा. हातात घेतलं तर ते काहीच नाही. पण साठच्या वेगाला तेच वजन चाकाला सुमारे चार किलोच्या जोराने बाहेर ओढतं. एकदा वर, एकदा खाली, सेकंदाला तेरा वेळा. तीसच्या वेगाला हाच जोर फक्त एक किलो असतो, कारण वेग निम्मा झाला की जोर चौथाई होतो. गावात जाणवत नाही ते यामुळे.

दुसरं कारण झोपाळ्याचं. झोपाळ्याला नेमक्या वेळी हलका धक्का देत राहिलं की तो उंच जातो, भलत्या वेळी कितीही ढकललं तरी तो जागच्या जागी अडखळतो. चाक, त्याची स्प्रिंग आणि टायरमधली हवा मिळून असाच एक झोपाळा तयार होतो, आणि पुष्कळ गाड्यांत त्याची स्वतःची लय सेकंदाला दहा ते पंधरा हेलकाव्यांच्या आसपास असते. पंचावन्न ते सत्तरच्या दरम्यान चाकाचे धक्के या लयीशी जुळतात. म्हणून थरथर अठ्ठावन्नला सुरू होते, पासष्टला जोरात येते आणि पंचाहत्तरला कमी झाल्यासारखी वाटते. "जोरात चालवली की बरी चालते" असं काही जण म्हणतात, ते खोटं नसतं. पण दोष गेलेला नसतो, फक्त लय चुकलेली असते.

बरं, मग ती मधूनच का येते? वेग तोच, रस्ता तोच, तरी अर्धा मिनिट थरथर आणि अर्धा मिनिट शांतता?

भजनात दोन टाळकरी आहेत आणि एकाची लय दुसऱ्यापेक्षा अगदी किंचित जलद आहे असं समजा. काही वेळ दोघांचे ठोके एकत्र पडतात आणि आवाज दणकून येतो. मग हळूहळू ते एकमेकांपासून सुटतात, आणि थोड्या वेळाने पुन्हा जुळतात. पुढच्या दोन चाकांचं असंच होतं. दोन टायर कधीच तंतोतंत सारखे नसतात, हवेत किंवा झिजेत थोडा फरक असतोच. हजारात दोन एवढा फरक असला तरी साठच्या वेगाला एक चाक दुसऱ्यापेक्षा मिनिटाला दीड फेरा जास्त घेतं. म्हणजे दर चाळीसएक सेकंदांनी दोघांचे धक्के एकत्र येतात, मग स्टीअरिंग थरथरतं आणि पुन्हा शांत होतं. वळण घेतलं की बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि सगळी जुळणी बदलते. त्यामुळे एखाद्या रॅम्पवरून वळून आल्यावर थरथर अचानक नाहीशी झाली, तर गाडी "आपोआप बरी झाली" असं समजू नका.

(संगीत)

आता तपास. पहिला प्रश्न: थरथर कुठे जाणवते?

हातात, म्हणजे स्टीअरिंगमध्ये जाणवत असेल तर बहुतेक वेळा पुढच्या चाकांकडे बघायचं. सीटमध्ये, पायाखालच्या पत्र्यात जाणवत असेल तर मागच्या चाकांकडे. इथे आपल्याकडच्या पाहुण्यांचा फार उपयोग होतो! भारतातून आलेले आई-बाबा मागच्या सीटवर बसतात आणि म्हणतात, "अरे, गाडी जरा हादरते का रे?" आपण पुढे बसून म्हणतो, "नाही हो बाबा, रस्ता तसा आहे." त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. मागच्या चाकाचा दोष मागे बसलेल्यालाच आधी कळतो. शिवाय मागे दोन माणसं आणि डिकीत सामान आलं की मागच्या टायरवर भार वाढतो, आणि एरवी दडलेला दोष त्याच दिवशी डोकं वर काढतो.

दुसरा प्रश्न: पायाखाली काय केलं की थरथर बदलते? सपाट, मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नसताना तीन गोष्टी करून बघा.

एक, गॅसवरचा पाय हळूच काढा. गाडी त्याच वेगात घरंगळत असताना थरथर तशीच राहिली तर संशय चाक-टायरवर. पाय काढताच गेली आणि गॅस देताच परत आली तर संशय इंजिनाकडून चाकाकडे जाणाऱ्या अॅक्सलवर, विशेषतः त्याच्या आतल्या सांध्यावर, ज्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. हा सांधा झिजला की ओढ पडताना गाडी डुलते, ओढ सुटली की शांत होते. चढावर ते जास्त जाणवतं.

दोन, ब्रेक अगदी हलका लावा. थरथर फक्त तेव्हाच आली आणि पेडलमध्येही जाणवली तर ब्रेकची डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिलेली नाही. टायर बॅलन्स करून हा दोष जाणार नाही.

तीन, गाडीत हाताने गिअर उतरवायची सोय असेल तर त्याच वेगात एक गिअर खाली घ्या. इंजिनाचे फेरे वाढतील, चाकाचे तेवढेच राहतील. थरथर बदलली तर दोष इंजिनाच्या बाजूला आहे, मग तो स्पार्क प्लगचा असेल किंवा इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी माउंटचा. काहीच फरक पडला नाही तर पुन्हा चाकांकडे या.

आवाजाकडेही कान द्या. थरथरीपेक्षा विमानासारखी घुमणारी गुरगुर जास्त असेल आणि लांब वळणावर ती कमी-जास्त होत असेल, तर चाकाचं बेअरिंग बघायला सांगा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं. तेव्हा गुरगुर वाढली तर संशय उजव्या बाजूच्या बेअरिंगवर. आणि चाळीस-पन्नासच्या वेगात, गॅस हलकाच दिलेला असताना, रस्त्याच्या कडेच्या खरबरीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी सेकंद-दोन सेकंदांची थरथर आली, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि त्याचं जुनं झालेलं तेल तपासण्यासारखं असतं.

(संगीत)

तिसरा प्रश्न सर्वात उपयोगाचा: थरथर केव्हा येते आणि केव्हा जाते? मधूनच येणाऱ्या दोषाची चावी इथेच असते.

सकाळी निघाल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं थरथर आणि मग काही नाही? गाडी बराच वेळ उभी राहिली की टायरचा जमिनीला टेकलेला भाग किंचित चपटा होतो आणि टायर गरम झाल्यावर पुन्हा गोल होतो. कडाक्याच्या थंडीत हे जास्त होतं. महिनाभर पुण्याला जाऊन आल्यावर तर हमखास. हा चपटेपणा वीस-तीस मैलांत जायला हवा. गेला नाही तर टायर दाखवा. पंक्चरसाठी डब्यातलं द्रव टायरमध्ये भरलं असेल तर तेही उभ्या गाडीत तळाशी साचतं आणि चाकाचा तोल बिघडवतं.

बर्फानंतरच थरथर? रिमच्या आतल्या बाजूला बर्फ किंवा चिखल गोठून बसतो. एक औंसाचं गणित आठवा, इथे पाव पाव किलो बर्फ बसलेला असतो. कार वॉशमध्ये गरम पाण्याने आतून धुऊन घ्या. थरथर गेली तर एक पैशाचा खर्च नाही.

उलट, सुरुवातीला काही नाही आणि अर्ध्या तासाने थरथर, वर गाडी ओढल्यासारखी वाटते? ब्रेक पूर्ण सुटत नसेल, घासून तापत असेल. थांबल्यावर चाकांना हात लावू नका, चार-सहा इंचांवर तळहात धरा. एका चाकाजवळ इतरांपेक्षा फारच जास्त धग लागली तर ते गॅरेजला सांगा, आणि तोवर लांब जाऊ नका.

एका ठरावीक रस्त्यावरच थरथर? काँक्रीटच्या रस्त्याला ठरावीक अंतरावर सांधे असतात आणि त्यांचीही एक लय लागते. दुसऱ्या गुळगुळीत रस्त्यावर त्याच वेगाने जाऊन बघा.

आणि खड्ड्यात चाक जोरात आपटल्यावर सुरू झालेली थरथर? तिथे रिम वाकलेली असू शकते, किंवा टायरच्या आतल्या तारांचा पट्टा सुटायला लागलेला असू शकतो. सायकलच्या दुकानात चाकाचा आऊट काढायचे ते तुम्हाला आठवत असेल. चाक फिरवलं की ते ब्रेकच्या रबराजवळ कुठे येतं आणि कुठे लांब जातं ते दिसायचं. गाडीच्या चाकाचंही तेच, फक्त ते मशीनवर बघावं लागतं. पट्टा सुटणं मात्र गंभीर आहे. अशा टायरने हळू चालवतानाही गाडी लंगडल्यासारखी वाटते, दिवसागणिक ते वाढतं, आणि हायवेवर टायर फाटू शकतो. तो टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

(संगीत)

आता लिहून ठेवायचं काय, ते एका उदाहरणाने बघू. समजा, एडिसनमधलं एक कुटुंब, आठ वर्षांची सेडान. शेजारी बसलेल्या माणसाने चार फेऱ्यांत फोनवर असं लिहिलं. लक्षात घ्या, चालवणाऱ्याने नाही, शेजारच्याने!

सोमवार, रूट १, पन्नासपर्यंत वेग, काही नाही. बुधवार, २८७ हायवे, बासष्ट ते अडुसष्ट, स्टीअरिंगमध्ये थरथर, येते-जाते, साधारण अर्ध्या-पाऊण मिनिटाने. गॅस सोडला तरी राहते. ब्रेकने फरक नाही. शनिवार, तोच रस्ता, बहात्तर, जवळजवळ नाही. रविवार, ब्रिजवॉटरच्या मंदिरात जाताना गाडीत पाच जण, पुन्हा पासष्टला थरथर, सीटमध्ये नाही, फक्त हातात.

आता बघा, या चार ओळींनी किती काम केलं. गॅस सोडून राहते, म्हणजे अॅक्सल बहुधा नाही. ब्रेकने फरक नाही, म्हणजे डिस्क नाही. ठरावीक वेगातच आहे आणि लयीत येते-जाते, म्हणजे चाकाचा तोल. हातात आहे, म्हणजे पुढची चाकं. "गाडी हलते" एवढंच सांगितलं असतं तर मेकॅनिकने दुकानाभोवती पस्तीसच्या वेगाने एक चक्कर मारली असती आणि त्याला काही सापडलं नसतं. या नोंदी दाखवून त्याला सांगायचं, बासष्ट ते अडुसष्टमध्ये येते, मी चालवतो, तुम्ही शेजारी बसा, एक एक्झिट जाऊन येऊ.

गॅरेजला जाण्याआधी चार गोष्टी स्वतः बघा. हवा थंड टायरमध्ये मोजा, आणि आकडा टायरवरचा नाही, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवरचा घ्या. डॅशबोर्डवरचा हवेचा दिवा हवा साधारण पाव हिश्शाने कमी झाल्यावर लागतो, आणि चाकाचा तोल गेलेला त्याला कळतच नाही. मग रिमच्या आत टॉर्च मारा. चिकटवलेलं वजन पडलं असेल तर तिथे एक स्वच्छ चौकोनी ठसा दिसतो. टायरवरून तळहात फिरवा, उंचवटे लागतात का बघा, पण बाहेर आलेल्या तारा नाहीत ना हे आधी डोळ्यांनी बघून घ्या. आणि टायरवर डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात ते वाचा. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. सेकंडहँड गाडी घेतलेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी हे आज संध्याकाळीच बघावं. नक्षी भरपूर दिसते, पण रबर जुनं होऊन चिरलेलं असतं.

गॅरेजमध्ये काय मागायचं? अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी एका बाजूला ओढते किंवा टायर एका कडेने झिजतो तेव्हा अलाइनमेंट. ठरावीक वेगात थरथर असेल तर आधी बॅलन्सिंग. ते करूनही राहिली तर रोड फोर्स बॅलन्सिंग करणारं दुकान शोधा. त्या मशीनवर एक रूळ टायरवर रस्त्यासारखा दाब देतो, त्यामुळे तोल बरोबर असूनही टायर एका जागी कडक किंवा रिम वाकलेली असेल तर ते सापडतं. आणखी एक विनंती करा: चाक बसवण्याआधी हबवरचा गंज घासून काढा. आपल्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, हब गंजतं, आणि गंजाच्या पापुद्र्यावर चाक बसलं की ते किंचित तिरकं बसतं. मग कितीही बॅलन्स करा, थरथर तशीच. आणि शंका उरलीच, तर पुढची चाकं मागे टाकून बघायला सांगा. हातातली थरथर सीटमध्ये गेली तर दोष चाकाबरोबर गेला, तिथेच राहिली तर बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड बघायचे. एकही भाग न बदलता एवढी माहिती मिळते.

शेवटी एक गैरसमज. "गाडी इन्स्पेक्शन पास झाली आहे, मग टायर ठीकच असणार." शेजारच्या पेनसिल्व्हेनियात आणि न्यूयॉर्कमध्ये सुरक्षेची वार्षिक तपासणी होते. पण न्यू जर्सीने खासगी गाड्यांची ही तपासणी २०१० साली बंद केली. आपल्याकडे फक्त धूर, म्हणजे उत्सर्जन बघतात. काचेवरचा स्टिकर तुमच्या टायर-ब्रेकबद्दल काहीच सांगत नाही. ते बघणं आपल्यावरच आहे. तसंच तुमच्या गाडीचा सतरा अक्षरी व्हीआयएन नंबर राष्ट्रीय महामार्ग सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएचटीएसएच्या संकेतस्थळावर टाकून बघा. रिकॉल निघाला असेल तर ती दुरुस्ती डीलर साधारणपणे फुकट करून देतो.

तर मंडळी, कुठे जाणवते, काय केलं की बदलते, केव्हा येते आणि केव्हा जाते, हे तीन प्रश्न फोनमध्ये लिहून ठेवा. पुढच्या वेळी स्टीअरिंग थरथरलं की रेडिओचा आवाज जरा कमी करा, आमचासुद्धा, आणि शेजारच्याला म्हणा, "लिही." पुढच्या भागात भेटू. सांभाळून चालवा, नमस्कार!